ऐकू येतं, पण कळत नाही

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाली "साठ" म्हणते आणि समोरचा "आठ" समजून हसतो. दोन्ही शब्दांत फरक एका 'स'चा. 'आ' हा जाड, भरीव स्वर. तो लांबून आणि गोंगाटातही पोचतो. 'स' म्हणजे नुसता हवेचा फुसकारा, तोही बारीक पट्टीतला, ४००० हर्ट्झच्या वरचा. वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान उतरायला लागतो तेव्हा पहिल्यांदा हीच पट्टी जाते. म्हणून 'सात', 'हात' आणि 'भात' सारखेच वाटतात, 'तीस' आणि 'वीस' यांत घोळ होतो, पण माणसाला स्वतःला मात्र "ऐकू तर सगळं येतंय" असंच वाटत राहतं. आणि ते खोटंही नसतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत.

घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला: "सोयीचं तेवढं ऐकू येतं यांना." शांत खोलीत, समोरासमोर, जाड आवाजाच्या माणसाचं सगळं कळतं, नातवाचं पातळ आवाजातलं, पाठमोरं बोललेलं काही कळत नाही. म्हणजे सोय ऐकणाऱ्याची नसून पट्टीची आहे. मग लोक ओरडतात आणि लगेच उत्तर येतं, "वरडतोस कशाला, भैरा हाय व्हय मी?" हा हट्टीपणाही नव्हे. कानाच्या आतल्या शंखात बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२ हजार केसपेशी असतात. त्यांचं काम बारीक आवाज वाढवून देणं. आतल्या रांगेतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी तो आवाज मेंदूकडे पोचवतात. बाहेरच्या पेशी मेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. 'ऐकू येत नाही' आणि 'कान फुटला' यांच्यातलं अंतर अगदी थोडं उरतं. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, तेल नाही, काढा नाही.

आवाज किती, आणि किती वेळ

डेसिबलचा आकडा साध्या बेरजेसारखा चालत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून तेवढंच नुकसान व्हायला निम्मा वेळ पुरतो. कान जपण्याचा जगभर वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल असेल तर ८ तास, ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांची मर्यादा यापेक्षा सैल आहे, ८ तासांना ९० डेसिबल. "कायद्यात बसतो" याचा अर्थ "कान वाचतो" असा घेऊ नका.

मीटर नसेल तर हात वापरा. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवूनच बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे. मोबाइलवरची ॲप अंदाजापुरती ठीक. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठ्या आवाजात तो कमी आकडा दाखवतो.

आता हा हिशेब आपल्या भागाला लावून बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांत सगळ्यात वाईट जागा भट्टीची नव्हे, फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करण्याची. कास्टिंगवर ग्राइंडर किंवा चिपिंग हॅमर चालतो तिथे ९५ ते १०५ डेसिबल ही नेहमीची गोष्ट. नॉकआउटला वाळू झाडतानाचे धक्के वेगळेच. इचलकरंजीत साध्या मागावर धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, तोही मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि एका शेडमध्ये असे डझनावारी माग. तिथली माणसं ओठ आणि हात बघून बोलतात. गावाला त्यात कौतुक वाटतं, पण ती बहिरेपणाची तयारीच असते. शिवाय पाळी १२ तासांची असेल तर ८५ ची मर्यादा ८३ वर येते. शेडमध्ये कोणीच हा फरक मोजत नाही.

उसाच्या हंगामातला ट्रॅक्टर तर दुहेरी प्रकरण. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन ड्रायव्हरच्या कानाशीच ९० च्या घरात, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून त्यावर टेप. गाणं इंजिनाच्या वर ऐकू यायला हवं तर ते किमान तेवढंच मोठं लागतं. ट्रॉलीची रांग कारखान्याच्या गेटबाहेर थांबली की इंजिन बंद होतं, टेप चालूच राहतो.

फोमचा बोळा घालायची पद्धत

इअरप्लग फुकट वाटले जातात आणि फुकटच जातात, कारण ते अर्धे बाहेर लोंबत असतात. पिवळा-केशरी फोमचा प्लग घालायची रीत अशी. आधी हात धुवा. फौंड्रीतली काळी वाळू किंवा ग्रीस कानात गेली तर कान वाहायला लागू शकतो. प्लग बोटांत धरून सुरळी करा, दाबून चपटा करू नका. सुरळी शक्य तेवढी बारीक आणि सरळ, घडी पडता कामा नये, कारण घडीच्या खाचेतून आवाज आत शिरतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती या ओढण्याने सरळ होते. मग सुरळी आत सरकवा आणि बोटाने २० ते ३० सेकंद तशीच धरून ठेवा, म्हणजे फोम आतच फुलेल. सोडला की लगेच बाहेर आला तर पुन्हा पहिल्यापासून. बरोबर बसला की स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा वाटतो आणि समोरून बघणाऱ्याला प्लगचं टोक जेमतेम दिसतं.

पाकिटावर 'एनआरआर २९' असं काहीतरी छापलेलं असतं. प्लगने आवाज किती कमी होतो याचा हा प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षातला अंदाज काढायचा तर त्यातून ७ वजा करून निम्मे करा: २९ उणे ७ म्हणजे २२, त्याचे निम्मे ११. म्हणजे १०० डेसिबलच्या फेटलिंगमध्ये कानावर ८९ येतात. ते अजून जास्तच आहेत, म्हणून प्लगवर इअरमफही (पूर्ण कान झाकणाऱ्या गादीच्या वाट्या) लावा. दोन्हींची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबलच आणखी मिळतात, पण ८४ वर आलात. उलट बाजूने, साध्या आवाजाच्या ठिकाणी दोन्ही लावून कानावर ७० पेक्षाही कमी आवाज येऊ देणं बरं नव्हे, क्रेनचा भोंगा आणि "सरक!" हेही ऐकू येईनासं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा प्लग ३० डेसिबलचा आहे, अगदी नीट बसलाय, आणि ८ तासांच्या पाळीत फक्त अर्धा तास काढून ठेवला. चहा पीत, मशीनपाशीच उभं राहून. तर दिवसभराचं संरक्षण ३० वरून १२ वर येतं. त्या अर्ध्या तासात जी ऊर्जा कानात गेली ती उरलेल्या साडेसात तासांच्या मेहनतीवर पाणी फिरवते. महागडा प्लग आणून अधूनमधून काढण्यापेक्षा साधा प्लग पाळीभर घातलेला केव्हाही बरा. बोलायचं असेल तर शेडच्या बाहेर जा आणि तिथे काढा.

कापसाचा बोळा? काही डेसिबलांपलीकडे काही अडवत नाही, मनाचं समाधान. चष्म्याच्या काडीवरून बसवलेल्या इअरमफला काडीच्या दोन्ही बाजूंना फट पडते. पातळ काडीचा चष्मा घ्या नाहीतर मफऐवजी प्लग. आणि आपल्या गावची एक खास अडचण: पैलवानांचे मोडलेले कान. कुस्तीत बाहेरचा कान घासून कूर्चा आणि तिच्या आवरणात रक्त साकळतं, ते पहिल्या काही दिवसांत काढून दाबून बांधलं नाही तर कान गड्ड्यासारखा घट्ट होतो. त्याने सहसा ऐकू कमी येत नाही, पण मफची गादी अशा कानावर बसत नाही आणि पुढे वय झाल्यावर कानामागचं मशीन टिकवणंही जिकिरीचं होतं. तालमीत मातीचा मान म्हणून जे मिरवतात, त्याचा हिशेब साठीनंतर द्यावा लागतो.

डॉल्बी

याबद्दल गावात दोनच मतं चालतात, बंद करा किंवा वाजू द्या. कायदा सांगायचा तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. मिरवणुकीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा जाणारच असाल तर एवढं करा.

स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे सुरक्षित वेळ चौपट होते. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर आवाज कोंडतो, तिथे एवढा फायदा मिळत नाही. गल्लीच्या तोंडाशी, चौकाच्या मोकळ्या बाजूला उभं राहिलेलं बरं. प्लग घाला, पण छातीत दणका बसणारा बास प्लगने फारसा थांबत नाही याची जाणीव ठेवा. तो दणका कमी वाटावा एवढं लांब जा. ढोल-ताशा, हलगी वाजवणाऱ्यांचं दुखणं वेगळं: ताशाचा आवाज बारीक पट्टीतला आणि वाजवणाऱ्याच्या कानापासून दोन हातांवर. फोमचा प्लग बारीक पट्ट्या जास्त कापतो, त्यामुळे ताल मंद, दबका वाटतो आणि पोरं प्लग फेकून देतात. वादकांसाठी गाळणी असलेले सिलिकॉनचे प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच उतरवतात. पथकाने एकत्र मागवले तर परवडतात.

लहान मुलांना खांद्यावर घेऊन भिंतीसमोर उभे राहणारे बाप बघितले की बोलायचं सुचत नाही. मुलाच्या कानात फोमचा प्लग बसत नाही, गिळण्याचीही भीती. मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतात. नसतील तर मूल घरी.

दुसऱ्या दिवशी कानात दडे बसलेले आणि शिट्टी वाजत असेल, तर तो पेशींवर ताण आल्याचा पुरावा. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. उतरलं म्हणजे काही झालं नाही, असं मात्र नाही: २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या. अशा कानाची चाचणी चांगली येते आणि गोंगाटात मात्र बोलणं कळत नाही.

तपासणीचा कागद कसा वाचायचा

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, आडव्या रेघेवर पट्ट्या असतात, डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. उभ्या रेघेवर डेसिबल, आणि ते उलटे: जेवढी खूण खाली तेवढं ऐकणं कमी. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत सरासरी २० च्या आत असेल तर कान चांगला, ३५ पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यमाहून जास्त, ८० पर्यंत तीव्र.

सरासरीवर जाऊ नका, आकार बघा. गोंगाटाने गेलेल्या कानाची रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात उतरते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. वयाची रेघ उजवीकडे उतरतच जाते. हाडामार्गे घेतलेल्या चाचणीची रेघ चांगली आणि हवेमार्गे घेतलेली खाली असेल, तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, फाटलेला पडदा, मागे साठलेलं पाणी. यातलं बरंच बरं होणारं असतं, म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग मशीन.

चाचणीआधी किमान १४ तास गोंगाटात जाऊ नका. कामगाराची तपासणी पाळी संपल्यावर केली तर तात्पुरता उतरलेला कान मोजला जातो. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जाण्याआधी करा. कामाला लागताना एक, नंतर दरवर्षी एक. २०००, ३००० आणि ४००० या तीन पट्ट्यांची सरासरी पहिल्या चाचणीपेक्षा १० डेसिबलने खाली गेली की प्लगची फिटिंग आणि जागा दोन्ही तपासा. जुना कागद जपून ठेवणं कामगाराच्या हिताचं: कारखान्यांच्या कायद्यातल्या नोंदवण्याजोग्या व्यावसायिक आजारांत आवाजामुळे येणारं बहिरेपण आहे, आणि राज्य कामगार विम्याच्या यादीतही आहे. जुनी चाचणीच नसेल तर कधी गेलं हे सिद्ध करायचं कशाने?

शब्दांची चाचणीही मागून घ्या आणि ती मराठी शब्दांची हवी. पुरेशा मोठ्या आवाजातसुद्धा शंभरातले चाळीसच शब्द बरोबर येत असतील, तर मशीन किती मदत करणार याचा अंदाज आधीच येतो. हे न सांगता मशीन विकणाऱ्याकडून उठून यावं.

मशीन आणि कोल्हापूरचा पावसाळा

बाजारात हजार-दीड हजारात मिळणारं 'कानाचं मशीन' हे बहुतेकदा साधं ॲम्प्लिफायर असतं. ते 'आ' आणि 'स' दोन्ही सारखेच वाढवतं. 'आ' तर आधीच ऐकू येत होता, तो आता डोक्यात दणका देतो, आणि मशीन कपाटात जातं. खऱ्या मशीनमध्ये प्रत्येक पट्टी त्या कानाच्या ऑडिओग्रामप्रमाणे वेगळी वाढवतात आणि वरची मर्यादा बांधतात. ही जुळवणी नीट झाली का ते कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष मोजता येतं. ब्रँडपेक्षा ही मोजणी कोण करतो ते विचारा. दोन्ही कान उतरले असतील तर दोन मशीन. एकाने आवाज कुठून आला ते कळत नाही.

पहिल्या आठवड्यात घरातच, शांततेत, दिवसाला दोन ते चार तास. भांड्यांचा खणखणाट, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर, स्वतःचं चावणं हे सगळं अंगावर येतं, कारण मेंदूला ते आवाज कित्येक वर्षं मिळालेले नसतात. मग दोघांशी बोलणं, मग अंगण, मग रस्ता. मंगल कार्यालयातली पंगत सगळ्यात शेवटी. सवय व्हायला एक ते तीन महिने लागतात आणि मध्ये दोन-तीनदा जुळवणी बदलून घ्यावी लागते. पहिल्याच दिवशी लग्नाला घालून गेलेलं मशीन परत कानावर चढत नाही.

इथे मशीनचा खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतच एवढं पाणी असतं की भिजायची गरज नाही. घट्ट झाकणाचा छोटा डबा घ्या, त्यात जाळीच्या पुरचुंडीत सिलिका जेलचे मणी. रोज रात्री मशीन पुसून त्यात ठेवा. सेलचं मशीन असेल तर सेल काढून बाहेर आणि झाकण उघडं. डब्यातल्या कोरड्या हवेने सेल सुकतो. मण्यांचा रंग बदलला, निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले, की ते भरले. कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत गरम करा, गार होऊ द्या, मगच परत डब्यात. मशीन स्वतः मात्र चुलीजवळ, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली कधीच नको.

कानामागच्या मशीनच्या नळीत पावसाळ्यात सकाळी पाण्याचा थेंब साचतो आणि आवाज एकदम बंद. मोल्ड (कानात बसणारा साचा) मशीनपासून सोडवा आणि रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत दमटपणाच जास्त. मोल्ड कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचा, रात्रभर वाळवायचा. मशीनला पाणी नाही, ओला कपडाही नाही. नळी कडक, पिवळी झाली की बदला.

आवाज येत नसेल तर दुकानात धावण्याआधी या क्रमाने बघा: सेल उलटा बसलाय का, ताजा सेल घालून चालतं का, मोल्डच्या भोकात मळ आहे का, नळी मुडपली आहे का. शिट्टी वाजत असेल तर मोल्डचं भोक अंगठ्याने बंद करा. शिट्टी थांबली तर मशीन चांगलं आहे, मोल्ड कानात नीट बसत नाही किंवा कानात मळ आहे. माणूस वाळला की जुना मोल्डही सैल होतो. अंगठ्याने बंद करूनही वाजतच राहिली तर नळी किंवा तिला मशीनशी जोडणारा हूक चिरलाय.

सेलचे रंग जगभर सारखेच: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. वरचा स्टिकर काढून एक मिनिट हवेवर ठेवा, मग घाला. हे सेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतात. स्टिकर परत चिकटवून वाचवता येत नाही. हा गोळीएवढा सेल आजोबांच्या औषधांशेजारी ठेवू नका आणि लहान मुलाने गिळला तर तडक दवाखाना.

हेल्मेट घालताना मशीन काढून डब्यात टाका. हेल्मेट काढताना कानामागचं मशीन त्याच्याबरोबर उडतं आणि पेट्रोल पंपावर चिखलात सापडत नाही.

दोन्ही कानांनी ६० डेसिबल किंवा जास्त उतार असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली कमी ऐकू येणारे, ७० किंवा जास्त असेल तर बधिर, असं धरतात. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात, आपल्याकडे सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात. मशीनसाठीची सरकारी योजना त्याच कागदावर चालते.

मळ, तेल आणि रंकाळा

मळ हा कचरा नाही, कानाचं तेलपाणी आहे. तो आपोआप बाहेर सरकतो. बड, काडी, किल्ली, सेफ्टी पिन यांनी तो आत ठासला जातो. लसणाचं गरम तेल घालणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: पडदा फाटलेला आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही, आणि फाटलेल्या पडद्यातून ते तेल थेट मधल्या कानात उतरतं. कान कधी वाहिलेला नसेल तर सोडा-ग्लिसरीनचे थेंब चार-पाच दिवस घालून मळ मऊ करता येतो. त्या दिवसांत कान आणखी बंद वाटतो, घाबरू नका. मग डॉक्टर सक्शनने काढतात. रंकाळ्यासारख्या तळ्यात, नदीत पोहणाऱ्यांच्या कानात पावसाळ्यात बुरशी धरते. खाज, पांढरा-काळा भुगा, जडपणा असं काही दिसलं की तेल घालणं म्हणजे बुरशीला खाऊ घालणं.

एका कानाने अचानक

सकाळी उठल्यावर एक कान बंद. सगळे म्हणतात सर्दी असेल, मळ असेल, बघू आठवडाभर. हा आठवडा महाग पडतो. घरी एक करून बघा: तोंड मिटून 'हं...' असा सूर काढा. सूर बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा मधला कान. चांगल्या कानातच मोठा वाटला तर मज्जातंतूचं दुखणं असू शकतं, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. यावर स्टिरॉइड देतात आणि ते जेवढं लवकर तेवढा फायदा. दोन आठवडे उलटले की तो झपाट्याने घटतो. सूर दोन्हीकडे सारखा वाटला, नक्की कळलं नाही, तरीही जाच. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन-अमिकासिनच्या सुया, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन चालू असताना कानात शिट्टी सुरू झाली तर औषध स्वतः बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगा.

घरात बोलायचं कसं

स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाका मारणं बंद. समोर या, तीन ते सहा फुटांवर, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे. आधी नाव घ्या, मान वळू द्या, मग बोला. ओरडलं की स्वर फुगतात, 'स' तेवढाच राहतो. म्हणून आवाज नेहमीचाच ठेवून थोडं सावकाश बोलायचं. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला: "चावी कुठाय?" कळलं नाही तर "कुलूप कशानं उघडू?" ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात, त्यामुळे 'पान' आणि 'मान' बघून ओळखता येत नाहीत, वाक्यावरून ओळखावे लागतात. ज्यांच्या मिशा वरचा ओठ झाकतात आणि गालात पान असतं, त्यांनी तरी दुसऱ्याला भैरा म्हणू नये.

खानावळीत किंवा मिसळीच्या हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसू द्या, पण भटारखाना पाठीमागे हवा. मशीनचा माइक समोरचं जास्त उचलतो. फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं, दवाखान्यात त्याचा चांगला उपयोग होतो. गोळ्यांच्या वेळा मात्र कागदावरच. आणि आकडा सांगताना 'साठ' म्हणून थांबू नका. "साठ, सहावर शून्य" म्हणा.